डाव्या तीराची शांतता

“आधी छर्रा, मग शांतता. आणि गेनच्या बटणाला हात लावायचा नाही. कधी म्हणजे कधीच नाही.”

शालनला हे काम शिकवणाऱ्या दत्तूमिस्त्रींना जाऊन अकरा वर्षं झाली होती. तरी धरणाच्या पोटातल्या बोगद्याचं लोखंडी दार ढकलताना शालनच्या कानात त्यांचा हा खरखरीत आवाज रोज उमटे, आणि ती मनातल्या मनात ‘होय मामा’ म्हणून आत पाऊल टाकी.

२०४१ सालातली ती घटस्थापनेची सकाळ होती. नवरात्राचे नऊ दिवस शालन अनवाणी राहत असे, त्यामुळे गॅलरीतली ओल तळव्यांना थेट लागत होती. काळजाई धरणाच्या भिंतीतून आरपार गेलेल्या त्या बोगद्याला सगळे गॅलरीच म्हणत. भिंत कुठे पाझरते, कुठे तडकते, ते आत शिरून बघता यावं म्हणून बांधतानाच तो ठेवलेला. शालनचं काम धरणावरच्या मोजमापांची नोंद ठेवण्याचं. पण पंप सुरू व्हायच्या आधी, पहाटे, ती जे करी ते कामाच्या यादीत कुठेच नव्हतं. तो तिचा नेम होता.

डाव्या तीराकडच्या टोकाला एका कोनाड्यात मिस्त्रींचा जुना रेकॉर्डर होता. त्याच्या शेजारी भिंतीला हातभर लांबीचा प्लास्टिकचा पाइप उभा ठोकलेला, आणि पाइपखाली तांब्याचं ताम्हण. शालनने रेकॉर्डर चालू केला. ट्रकच्या बेअरिंगमधला एक छर्रा पाइपाच्या वरच्या तोंडातून सोडला. टण्ण! ताम्हणाचा नाद बोगद्यात विरून जाईपर्यंत ती थांबली आणि मग हात जोडून एक मिनिट नुसती उभी राहिली. श्वाससुद्धा जपून. मिनिट संपलं तसं तिने यंत्र बंद केलं. उठल्यापासून हे मिनिट भरून होईपर्यंत ती कुणाशीही बोलत नसे. तिचे यजमान विलास होते तेव्हा ते गमतीनं म्हणायचे, “आमच्या घरी सकाळचा पहिला शब्द धरणाचा, दुसरा हिचा.”

अशी एकोणीस वर्षांची मिनिटं तिच्याकडे साठली होती. रोज ती ऐकत नसे. वर्षातून एकदा, घटस्थापनेला, धरण काठोकाठ भरलेलं असताना, घट बसवून झाले की ती हेडफोन घेऊन बसे आणि त्या त्या वर्षीचं घटस्थापनेचं मिनिट ओळीनं ऐके. हीसुद्धा मिस्त्रींचीच शिकवण. “पाणी तेवढंच, जागा तीच, बटण तेच. मग जे बदललं ते धरणात बदललं.”

त्या दिवशी अठरा मिनिटं ऐकून झाली आणि एकोणिसाव्याला शालनने हेडफोन काढून देवघराकडे पाहिलं. मग पुन्हा लावला.

बोगद्याची शांतता तिला तोंडपाठ होती. तिच्यात एक बारीकशी सळसळ कायम असायची, तांदूळ निवडताना सुपात होते तशी. भिंतीमागच्या दगडांतून झिरपणाऱ्या पाण्याची ती सळसळ. या वर्षी कुणीतरी सुपात आणखी चार मुठी टाकल्यासारखी ती भरली होती.

तिने मुलीला फोन लावला. सानिका पुण्यात होती, आणि ज्या कंपनीनं तीन वर्षांपूर्वी काळजाईवर ‘निवळ’ बसवलं, त्याच कंपनीत होती. निवळच्या टीममधली सगळ्यात तरुण इंजिनिअर.

“घट बसले का गं?”

“बसले. सानू, डाव्या तीराला पाणी बोलायला लागलंय.”

पलीकडून हसू आवरल्यासारखा आवाज. “आई, आमचे चोवीस कान आहेत तिथे. दर सेकंदाला ऐकतात. आत्ता स्क्रीनवर बघतेय मी, सगळं हिरवं आहे. तू दिवसातून एक मिनिट ऐकतेस.”

“होय गं. पण एकोणीस वर्षं ऐकतेय.”

“मी रविवारी येते,” सानिका म्हणाली. “तोवर कुणाला काही सांगू नकोस.”

“बागवान साहेबांना सांगून झालं, बाळा.”

“आई!”

*

सानिकाचा राग समजण्यासारखा होता. निवळ ही तिच्या पिढीला मिळालेली मोठी देणगी होती.

मायक्रोफोन हवेतल्या कंपाचा विजेचा प्रवाह करतो, पण तो इतका क्षीण की तसाच आकड्यांत उतरवला तर यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत बुडून जातो. म्हणून आधी त्याला वाढवावं लागतं. किती वाढवायचं, तो गेन. कमी ठेवला तर हवा तो आवाज खरखरीत हरवतो. जास्त ठेवला तर मोठ्या आवाजाचं टोक मावत नाही, कापलं जातं, आणि एकदा कापलेलं टोक कुठल्याही उपायानं परत येत नाही. मिस्त्रींच्या काळातल्या माणसांचं निम्मं कसब या एका बटणात होतं. नव्या यंत्रांनी ते बटणच काढून टाकलं. ती कुजबुजही घेतात आणि स्फोटही. कुणी काही ठरवायला नको. आणि निवळ त्याच्याही पुढे गेलं. ते ज्या जागी बसतं त्या जागेचा कायमचा गोंगाट शिकून घेतं, रोज थोडा थोडा, आणि वजा करतं. उरते ती स्वच्छ शांतता. तिच्यात दगड तडकला, पाण्याची धार फुटली, साधी पाल चुकचुकली, तरी दिवा लाल. देशभरातल्या साठ धरणांवर निवळनं इंजिनिअर लोकांना शांत झोप दिली होती.

शालनला हे सगळं सानिकानंच समजावलं होतं, घरच्या ओट्यावर, चहाच्या कपांची धरणं करून. तिला ते पटलंही होतं. फक्त एक प्रश्न तिने तेव्हा विचारला होता, आणि सानिका घाईत होती म्हणून तो तसाच राहिला होता. रोज थोडं थोडं वाढणारं दुखणं निवळ कुठे ठेवतं?

*

रविवारी, नवरात्राच्या पाचव्या माळेला, बागवान साहेब गॅलरीत येऊन बसले होते. कार्यकारी अभियंता, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, गुडघे दुखणारे, पण कान शाबूत. कोनाड्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी मागच्या वर्षीचं मिनिट ऐकलं, या वर्षीचं ऐकलं, आणि हेडफोन मांडीवर ठेवला.

“वाढलंय की ओ शालनताई.”

“होय साहेब.”

“चांगलंच वाढलंय.” त्यांनी कपाळ चोळलं. “खाली शेळेवाडी. तीनशे उंबरे. आणि वर भरलेलं धरण. ते तीन मीटर उतरवायचं म्हणजे चाळीस गावांचं उन्हाळ्यातलं पाणी माझ्या सहीनं नदीत ओतायचं. निवळ हिरवं असताना! वरचे लोक विचारतील, बागवान, कशाच्या आधारावर? मी सांगू, ताम्हणाच्या?”

घटाला घालायच्या झेंडूच्या माळा रोज शेळेवाडीतून येत. आज माळ घेऊन आलेल्या पोरीनं ‘काकू, उद्या पिवळी आणू का भगवी?’ विचारलं होतं, आणि ती वाडीच्या वाटेला दिसेनाशी होईपर्यंत शालन बघत राहिली होती.

तेवढ्यात दारातून सानिका आली. प्रवासातून थेट, पाठीला बॅग. “नमस्कार सर. आई, पाय बघ तुझे, गारठलेत.” बोलत बोलत ती कोनाड्यापाशी वाकली, लॅपटॉप जोडायला वायर काढली, आणि रेकॉर्डरकडे बघत तशीच थांबली.

गेनच्या गोल बटणावर शेंदराचा एक ठिपका होता आणि त्याला जुळणारा दुसरा ठिपका रेकॉर्डरच्या अंगावर.

“आई,” ती हळू आवाजात म्हणाली, “हा ठिपका कशाचा?”

“मामांचा. बटण कुठे ठेवायचं त्याची खूण. दोन ठिपके समोरासमोर असले की बरोबर.”

सानिका खाली बसली. बॅग पाठीवर तशीच. “मला वाटलं, पूजेचा आहे. खंडेनवमीला तू सगळ्याला लावतेस ना. मिक्सरला, पाण्याच्या मोटारीला, बाबांच्या स्कूटरला…”

“मग?”

“यंदा बाबा गेले तेव्हा तू दहा दिवस सुतकात होतीस. इथे आली नाहीस. मला सुतकबितक… मला वाटलं, एकोणीस वर्षांचा तुझा नेम मोडतोय. बाबा गेले, निदान हे तरी राहू दे. म्हणून मी यायची. रोज पहाटे. तुला सांगितलं नाही.” तिने रेकॉर्डरकडे बोट केलं. “पहिल्या दिवशी रेकॉर्डर इतका मळलेला होता, मी ओल्या फडक्यानं पुसून काढला. शेंदूरही गेला. आणि आवाज फारच बारीक येत होता, दिवा लुकलुकायचासुद्धा नाही. मी बटण फिरवलं. छान हिरवा दिवा येईपर्यंत. दहाव्या दिवशी वाटलं, कुंकू पुसलेलं दिसलं तर तुला लागेल. म्हणून देव्हाऱ्यातला शेंदूर आणून दोन्ही ठिपके समोरासमोर पुन्हा लावले. बटण मी फिरवलेलं तिथेच.”

बागवान साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. “म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “पाणी नाही वाढलं. गेन वाढलाय.”

सानिकाने मान खाली घातली. आईची एकोणीस वर्षं तिने एका ओल्या फडक्यानं पुसली होती, तीही मायेपोटी. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण मग खोट्या पुराव्यावर चाळीस गावांचं पाणी गेलं असतं. आणि आता बोलली होती, तर साहेबांसमोर आई खोटी पडली होती.

शालनने तिच्या पाठीवरची बॅग उतरवून घेतली. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दहा दिवस हे पोरगं अंधारात एकटं इथे येत होतं, आणि आपल्याला वाटत होतं की ते बापाच्या दुःखानं पहाटे उठून फिरायला जातंय.

“सानू, त्या दहा दिवसांत छर्रा टाकलास का?”

“टाकला की.”

“रोज?”

“रोज. का टाकायचा ते माहीत नव्हतं. तू टाकतेस म्हणून.”

शालनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. ती साहेबांकडे वळली. “मग काही बिघडलं नाही. छर्रा आहे की, साहेब.”

“छर्र्याचं काय त्यात?”

“छर्रा तोच. पाइप तेवढाच उंच, ताम्हण तेच. म्हणजे तो पडला की आवाज दरवेळी तेवढाच होणार. धरणात काही होवो. बटण फिरवलं तर छर्राही वाढेल आणि सळसळही वाढेल, दोन्ही सारखीच. मामा म्हणायचे, माणूस आहे, एखाद्या दिवशी धक्का लागेल बटणाला. म्हणून छर्रा. त्याला धक्का लागत नाही.”

सानिकाने मान वर केली. हे तिला कॉलेजात शिकवलं होतं, मोठाल्या नावांनी, महागड्या यंत्रांवर. ज्ञात आवाजाशी तुलना. आणि ती तो ज्ञात आवाज दहा दिवस स्वतःच्या हातानं ताम्हणात टाकत होती, आईच्या सोवळ्याओवळ्यातला एक प्रकार समजून.

तिने लॅपटॉप उघडला. मागच्या घटस्थापनेचा छर्रा. या घटस्थापनेचा छर्रा. दोन टोकदार उभ्या रेघा पडद्यावर शेजारी शेजारी आल्या.

“एक मिनिट,” बागवान साहेब खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “गेन वाढलाय म्हणतेस. वाढलेल्या गेनला टोक कापलं गेलं असेल, तर तुझा छर्रा खरा उतरलाच नाही. मग तुलना कशाची करणार?”

“बरोबर आहे, सर.” सानिकाने रेघ मोठी केली, आणखी मोठी केली. टोक अखंड होतं, सुईसारखं. वर अजून जागा शिल्लक होती. “नाही कापलं. मिस्त्रींनी मुळातच गेन खूप खाली ठेवला होता. म्हणून मला तो बारीक वाटला. त्यांनी मोकळी जागा सोडली होती वर.”

“धक्का लागेल म्हणून,” शालन म्हणाली.

सानिका आकडे वाचायला लागली. छर्रा सहा डेसिबलनं वाढला होता. म्हणजे तिने बटण तेवढं फिरवलं होतं. तिने दोन्ही घटस्थापनांच्या मागचे-पुढचे वीस छर्रे तपासले. सगळीकडे सहा, अर्ध्या-पावाचा फरक. मग सळसळ मोजली. ती एकदा मोजून तिने पुन्हा मोजली.

“सांग की बाई,” साहेब म्हणाले. “माझे गुडघे थंडीनं आखडले.”

“सळसळ अकरानं वाढलीय.”

“म्हणजे?”

“अकरातले सहा माझे.” सानिकाने डोळे पुसले. “पाच पाण्याचे. पाच डेसिबल म्हणजे सळसळीचा जोर तिप्पट झालाय, सर. गेन वजा करूनसुद्धा.”

तिघंही भिंतीकडे बघत राहिले. भिंत होती तशीच होती, ओलसर आणि गप्प.

*

वर ऑफिसात आल्यावर सानिकाने दुसरं एक काम केलं. निवळ जो गोंगाट वजा करतं तो कायमचा साठवत नाही. तीस दिवसांनी मूळ आवाज पुसला जातो, जागा वाचावी म्हणून. पण काय वजा करायचं याची त्याची स्वतःची एक समज असते, आणि ती दर आठवड्याला किंचित बदलते. त्या समजेच्या जुन्या आवृत्त्या कंपनीच्या संगणकावर पडून होत्या. त्या उघडून बघायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. सानिकाने पुण्याला फोन लावला, दोन वरिष्ठांशी बोलली, तिसऱ्याशी भांडली आणि त्या मागवून घेतल्या.

चोवीस कानांपैकी एकवीस कानांनी गेल्या वर्षभरात सांगण्यासारखं नवं काही शिकलेलं नव्हतं. डाव्या तीराकडचे शेवटचे तीन मात्र दर आठवड्याला थोडी थोडी जास्त सळसळ ‘नेहमीचीच’ म्हणून शिकत गेले होते. इतकी हळू, की एकाही आठवड्यात दिवा लाल व्हावा एवढी ती नव्हती. वर्षाची बेरीज मात्र आईच्या पाच डेसिबलच्या आकड्याजवळ येत होती.

“ऐकलं त्यानं,” सानिका पडद्याकडे बघत म्हणाली. “सगळं ऐकलं. आणि सवय करून घेतली.”

बागवान साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ताम्हण आणि निवळ एकच सांगतायत म्हणजे आता मला वरच्यांची भीती नाही.” मग त्यांनी पाणी उतरवायच्या आदेशावर सही केली आणि शालनकडे बघून म्हणाले, “मिस्त्री असते तर मला म्हणाले असते, ‘साहेब, पाच दिवस कशाला लागले?’”

“मामा साहेबांना तसं बोलायचे नाहीत.”

“तुम्हाला ठाऊक नाही ताई, मला काय काय बोललेत ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन दरवाजे वीतभर उचलले गेले. शेळेवाडीला आधीच दवंडीसारखी खबर गेली होती. नदीकाठची जनावरं वर आणली गेली, पंधरा उंबरे शाळेत हलले. पाणी तीन दिवस सावकाश उतरत राहिलं. आठव्या माळेला पाणबुडे डाव्या तीराशी उतरले. जिथे भिंत डोंगराला भिडते तिथे, दगडाच्या सांध्यात, माणूस वाकून शिरेल एवढी पोकळी झाली होती. माती वाहून गेलेली. पाणी गॅलरीत न येता भिंतीला वळसा घालून डोंगराच्या आतून वाट काढत होतं, म्हणून पाझर मोजायच्या खाचेवर ते कधी दिसलंच नव्हतं. अजून एक पावसाळा गेला असता तर… पाणबुड्यांच्या प्रमुखानं वाक्य पुरं केलं नाही. काँक्रीटचे ट्रक घाट चढायला लागले.

निवळचं मोलही काही कमी झालं नाही. साठही धरणांवरच्या समजेच्या जुन्या आवृत्त्या उघडायचं पत्र त्याच आठवड्यात निघालं. त्यावर सानिकाची सही होती. आणि दर धरणावर एक अशी वस्तू मागवली गेली, जी रोज ठरल्या उंचीवरून पडेल आणि तोच आवाज करील. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलं. सानिका मात्र फोनवर बोलताना तिला छर्राच म्हणे.

*

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मायलेकी ओट्यावर बसल्या होत्या. शालन उद्याच्या पूजेचं तबक घासत होती.

“आई, बटण पुन्हा होतं तिथे नेऊन ठेवू? छर्र्यावरून काढता येईल जागा. अगदी अचूक.”

शालनने तबक उलटं ठेवलं. “नको. फिरलं ते फिरलं. आता परत फिरवायचं म्हणजे दोनदा फिरवायचं. आहे तिथेच राहू दे.”

“मग ते सहा कायमचे माझे राहतील तुझ्या नेमात.”

“राहू देत की. तुझ्या बाबांच्या वेळचे आहेत.”

सानिकाने उलटं ठेवलेलं तबक उचलून पुसलं. मग म्हणाली, “उद्याचं मिनिट मी भरते. तुझे पाय बघ किती फुटलेत. आणि बटणाला हात लावणार नाही. शब्द.”

“बरं,” शालन म्हणाली.

सकाळी ती उठली तेव्हा अजून उजाडायचं होतं. तिचं मौन होतं. मिनिट भरून होईपर्यंत बोलायचं नाही, मग ते कुणी का भरेना. तिने स्नान केलं, समई लावली, आणि मिक्सर, मोटार, विलासची स्कूटर, सानिकाचा लॅपटॉप, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. गॅलरीतल्या रेकॉर्डरसाठी तिने ताटलीत फक्त एक झेंडूचं फूल काढून ठेवलं. कुंकू नाही.

आतल्या खोलीत हालचाल झाली. सानिका बाहेर आली. ती दारातल्या चपलांपाशी आली, जराशी थांबली, आणि चपला तशाच ठेवून अनवाणी उंबरा ओलांडला. मग आठवून परत आली, ताटलीतलं फूल उचललं, आईकडे बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं. तीही बोलली नाही.

शालन दारात उभी राहिली. धरणाच्या पायऱ्यांवरून सानिका हळूहळू खाली उतरत होती. एका मुठीत फूल होतं. दुसरी मूठ घट्ट मिटलेली होती, आणि शालनला न पाहताही ठाऊक होतं की तिच्यात छर्रा आहे.